अर्धी बाही

(१९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी नोकरीबद्दल बोलायला सांगितलंय. सॉफ्टवेअरमध्ये २२ वर्षं झाली, एवढं सांगून तो विषय संपवते. आज बोलायचंय ते माझ्या उजव्या हाताबद्दल.

चौथीच्या सुट्टीत बंबातलं उकळतं पाणी या हातावर सांडलं. पाचवीत आपल्या शाळेत आले, ती पूर्ण बाही घालूनच. उन्हाळ्यातही ती कधी वर केली नाही.

जखम भरताना शरीर कोलॅजेनचे धागे दाटीने रचतं. ती कातडी मूळ कातडीसारखी ताणली जात नाही. मी वाढत होते, व्रण वाढत नव्हता. नववीत कोपर सरळ होईना. तेव्हा शस्त्रक्रियेनं तो ताण सोडवला आणि मांडीची कातडी काढून तिथे लावली. एक व्रण होता, त्याचे दोन झाले!

आमच्या कामात चालू प्रणालीतला दोष दुरुस्त करणाऱ्या तुकड्याला 'पॅच' म्हणतात, म्हणजे ठिगळच. असे कितीतरी पॅच मी लिहिले. कुणाला त्यांची लाज वाटली नाही. माझा हातही असाच दुरुस्त झालाय, हे बुद्धीला पटलं. बाही मात्र खालीच राहिली.

मग एकदा ऑफिसात डबा धुताना ती वर सरकली. शेजारच्या नव्या मुलीनं विचारलं, "हाताला काय झालं?" म्हटलं, "लहानपणी गरम पाण्यानं भाजलं." "अच्छा," म्हणाली आणि साबण मागितला. इतकी वर्षं ज्या प्रश्नाची धास्ती घेतली, तो एवढ्यात संपला.

अजूनही लग्नकार्यात कुणी टक लावून पाहिलं की हात पदराखाली जातो. मग मीच तो बाहेर काढते. आज अर्ध्या बाहीचा ब्लाउज घालून आले आहे.

दोन विनंत्या. कुणाला भाजलं तर लगेच २० मिनिटं नळाचं साधं, वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई काही लावू नका. मग डॉक्टरांकडे न्या. आणि अंगावर व्रण असलेल्या मुलाला चारचौघांत औषधं सुचवू नका, खेळायला बोलवा.

तुम्ही मला खो-खोत घेतलं होतंत. हाताकडे न बघता माझे पाय किती पळतात, एवढंच तुम्ही पाहिलंत. त्याचे आभार मानायचे राहिले होते.