गणित : शिकलेले आणि समजलेले



कामगार चळवळीतल्या माणसाने गणितावर बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही दहावीला गणितात दोनदा नापास झालो, तेव्हा ते नवल रास्तच आहे. पुढे जे शिकलो ते रद्दीतल्या पुस्तकांवरून आणि मजुरांच्या मस्टरांवरून. परंतु मजुरीचे तंटे लढवताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आपल्या लोकांना हिशेब येतो, आणि शाळेत ते गणितही शिकतात. पण या दोहोंची गाठ क्वचितच पडते. ती पडत नाही तोवर दुसऱ्याने मांडलेला आकडा आपण मुकाट्याने खरा मानतो.

आमचीच फजिती सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. रोजगार हमीच्या एका कामावर पाच फूट लांब, पाच फूट रुंद आणि एक फूट खोल असे खड्डे खणायचे होते. एका टोळीला आखणीच्या चुकीमुळे दहा फूट लांब-रुंद खड्डे आखून मिळाले. खोली तीच. मापे घ्यायला आलेले साहेब म्हणाले, "खड्डा दुप्पट, तर दाम दुप्पट." आम्हांला वाटले, जिंकलो! त्याच रात्री सभा घेऊन आम्ही मोठ्या ऐटीत जाहीर केले की दुप्पट दाम पदरात पाडून घेतला. टाळ्याही पडल्या. तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. "आरं भाऊ, पाट्या चौपट वाहिल्या, मंग दाम दुप्पट कसं रं?"

सभा गप्प झाली. बाईला अक्षरओळख नव्हती. पण रोज किती पाट्या माती वाहिली ते ती पदरात खडे बांधून मोजीत असे. आम्ही कंदील खाली ठेवला, काडीने जमिनीवर मोठा चौकोन काढला आणि त्यात मधोमध उभी-आडवी रेघ मारली. आत लहान चौकोन चार झाले. पाच गुणिले पाच पंचवीस घनफूट. दहा गुणिले दहा शंभर घनफूट, म्हणजे पुरा एक ब्रास. 'लांबी गुणिले रुंदी' हे सूत्र आम्हांला झोपेतून उठवले तरी म्हणता आले असते. पण ते मातीला लागू होते हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही कोणाला विचारले नव्हते.

शाळेवाचून काही अडत नाही असा अर्थ मात्र यातून कोणी काढू नये. म्हातारीला चौपट वाहिल्याचे ठाऊक होते, पण साहेबापुढे ते सिद्ध करायला तो चौकोनच लागला. दुसऱ्या दिवशी चौकोन कागदावर काढून नेला, तेव्हा फेरमोजणी झाली. फरकाची रक्कम हाती यायला दिवाळी उलटली ते निराळे.

या जिल्ह्याला आकड्यांचे हे दुखणे जुनेच आहे. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठून कर्जरोखे मागितले आणि जाळले. सुरुवात 12 मे रोजी सुप्याला झाली. ज्यांना त्या कागदांवरचे व्याज ताडून पाहता येत नव्हते, त्यांना आगीखेरीज दुसरा उपाय दिसला नाही. पुढे 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत मोडी आणि बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबही शिकवावा असे सांगितले. रोखे मोडीत असत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या मागणीचे मर्म कळेल.

आज शाळा गावोगाव आहेत. मग समज कुठवर आली? 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत 2023 साली देशातल्या 28 जिल्ह्यांत 14 ते 18 वयाच्या ग्रामीण मुलामुलींना तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायला सांगितले. 43.3 टक्क्यांनाच ते जमले. ज्यांना निदान वजाबाकी येत होती त्यांना कर्जफेडीचे उदाहरण घातले, तर दहांतून जेमतेम एकाला ते सुटले.

हे कर्जाचे उदाहरण फार महत्त्वाचे आहे. दहा हजार रुपये, वर्षाला बारा टक्के व्याज, बारा सारखे हप्ते. बाराशे व्याज मिळवून 11,200 भागिले 12, हप्ता सुमारे 933 रुपये. कागदावर सगळे सरळ दिसते. आमच्या बैठकीत एका बहिणीने विचारले, "सहा महिन्यांत निम्मे पैसे परत दिले, तरी व्याज पुऱ्या दहा हजारांवर का?" अगदी बरोबर! मुद्दल दर महिन्याला घटत जाते. वर्षभराची सरासरी काढली तर तिच्या हाती सुमारे 5,400 रुपयेच असतात. त्यांवर बाराशे म्हणजे दर जवळजवळ बावीस टक्के झाला.

2019 साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' असेही वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! विधानसभेपर्यंत चर्चा गेली. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर मुलांची अडचण सांगत होत्या. 'एकोणतीस' ऐकताच मुलाला आधी तीस आठवून मागे यावे लागते, ही अडचण खरीच आहे. आम्हांला स्वतःला जुनी नावेच गोड वाटतात. तरीपण एवढ्या गदारोळात त्या मुलाला भागाकार येतो का, हे विचारणारा आम्हांला भेटला नाही.

आता ज्या पाण्याच्या काठी आपण बसलो आहोत त्याकडे येतो. 1926 साली पुऱ्या झालेल्या या धरणाची क्षमता 11,039 दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे अकरा टीएमसी. 2013 च्या मेंढेगिरी अहवालाने जायकवाडीसाठी 65 टक्क्यांची रेषा सांगितली. तेथे साठा त्याहून कमी असला तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. यावर मोर्चे निघाले, कज्जे झाले, चहाच्या दुकानांत मैत्र्या तुटल्या. पण 65 टक्के कशाचे? जायकवाडीचा एकूण साठा सुमारे 102 टीएमसी, उपयुक्त साठा सुमारे 76. रेषा आहे ती उपयुक्त साठ्याची. एकूण साठ्याचे 65 टक्के धरले तर हिशेबात सतरा टीएमसीचा फरक पडतो. सतरा टीएमसी म्हणजे दीड भंडारदरा! शब्द एकच बदलायचा, आणि दीड धरण इकडचे तिकडे होते. दोन्ही बाजूंच्या घोषणांत आम्ही हा प्रश्न एकदाही ऐकला नाही. आमच्याही घोषणांत नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

आमचे बोलणे येथे थांबवतो. फळ्यावर एक उदाहरण लिहून ठेवले आहे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद 86,400. भरलेल्या धरणातून हजार क्युसेकने पाणी सोडले आणि वरून थेंबही आला नाही, तर धरण किती दिवस पुरेल? आमचे उत्तर 128 दिवसांच्या आसपास येते. अध्यक्षमहाराजांची परवानगी असेल तर कोणीतरी पुढे येऊन ते तपासावे. खडू टेबलावर आहे.