परक्या शहरातील पत्ता

परदेशी निघालेल्या माणसाला आप्तेष्ट नाना सूचना देतात. थंडीला जपावे, पैसा सांभाळावा, जेवणाची आबाळ करू नये. परंतु तेथे पोहोचल्यावर पहिल्या आठ दिवसांत जी विद्या खरोखर लागते, तिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. ती विद्या म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याची. जेथील लिपी वाचता येत नाही अशा नगरात हातातला पत्ता हाच काय तो आधार. आणि तोच उमगला नाही, तर पदवीधर मनुष्यही निरक्षर होऊन बसतो.

सरकारी प्रशिक्षणाच्या निमित्ताने मला काही महिने टोकियोत राहावयास मिळाले. तेथे आगगाडीने जाणे सोपे आणि घर शोधणे अवघड, असा अनुभव येतो. यामानोते नावाचा लोहमार्ग १९२५ साली वर्तुळाकार पूर्ण झाला. साडेचौतीस किलोमीटरच्या या फेऱ्यावर तीस स्थानके आहेत आणि सुमारे तासाभरात गाडी पुन्हा मूळ जागी येते. भुयारी रेल्वेच्या स्थानकांना २००४ पासून अक्षर व अंक दिलेले आहेत. गिंझा मार्गावर शिबुया म्हणजे जी ०१, तर असाकुसा म्हणजे जी १९. नवख्याने नाव वाचावयाचे नाही, आकडे मोजावयाचे. आकडा वाढत असेल तर गाडी असाकुसाकडे चालली आहे, इतके कळले की पुरे. मात्र स्थानकावर उतरून भागत नाही. शिंजुकू स्थानकाला दोनशेहून अधिक दरवाजे आहेत. म्हणून जाणता यजमान स्थानकाबरोबर दरवाजाचा क्रमांकही आवर्जून कळवतो.

खरी परीक्षा पुढे असते. जपानातील बहुतेक रस्त्यांना नावेच नाहीत. तेथे नाव असते ते वस्तीला. पत्ता प्रांतापासून आरंभ होतो. मग शहर, विभाग, मोहल्ला, त्याचा उपविभाग, त्यातील घरांचा गट आणि शेवटी घर. पूर्वी घरांना जमिनीच्या नोंदीचे क्रमांक असत; जमिनीचे तुकडे पडत गेले, तसतसे शेजारच्या घरांचे आकडे एकमेकांपासून दूर गेले. १९६२ साली कायदा करून हा गुंता पुष्कळ अंशी सोडविण्यात आला. तरीही शेवटच्या शंभर पावलांसाठी माणूसच लागतो. कोपऱ्याकोपऱ्यावर कोबान नावाची छोटी पोलीस चौकी असते. तेथील शिपाई भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर घरांचा नेमका गट बोटाने दाखवितो. एका पावसाळी संध्याकाळी अशाच एका शिपायाने माझ्या हातातल्या कागदावर तीन वळणे काढून दिली. आम्हा दोघांत एकही सामाईक शब्द नव्हता. पण मी मुक्कामी पोहोचलो.

पुणेकराला ही पद्धत फारशी परकी वाटू नये. पुण्याच्या जुन्या भागात घराचा क्रमांक रस्त्याचा नसतो, पेठेचा असतो. फरक इतकाच की, आपण पत्ता माणसापासून सुरू करून गावाशी संपवितो. जपानी मनुष्य प्रांतापासून निघून माणसापाशी थांबतो. टपाल वेगळे करणारा कारकून आपला पत्ताही खालूनच वर वाचतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्याकडे पिनकोड सुरू झाला. तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या, संस्कृत कवीच्या, कल्पनेतून आला. त्यातही पहिला अंक मोठ्या भूभागाचा आणि अखेरचे तीन अंक टपाल कार्यालयाचे. म्हणजे मोठ्याकडून लहानाकडे हा क्रम आपल्यालाही पटलेला आहे.

या सर्वांतून माझ्यासारख्या प्रशासकाने एक गोष्ट मनाशी बांधावी. पाटी लिहिणाऱ्याला वाट ठाऊक असते, हीच पाटीची मोठी अडचण. ज्याला वाट ठाऊक आहे त्याला पाटी लागत नाही. ज्याला लागते त्याचा विचार लिहिताना होत नाही. टोकियोच्या अंकांत तो विचार झालेला दिसतो, आणि जेथे अंक अपुरे पडतात तेथे चौकीतला माणूस उभा असतो.

विदर्भातल्या खेड्यातून आजारी मुलाला घेऊन मुंबईच्या इस्पितळात येणारा बाप, बिहारमधून कामासाठी पुण्याच्या स्थानकावर उतरलेला तरुण, हेही आपापल्या परीने परदेशातच आलेले असतात. त्यांच्या हातातही एक चिठ्ठी असते. त्यांना आपल्या पाट्या वाचता येतील काय, बसचा क्रमांक त्यांना ओळखता येईल अशा अंकांत आहे काय, आणि खिडकीतला मनुष्य मान वर करून ती चिठ्ठी हातात घेतो काय? शहराची सुधारणा मोजावयाची तर उंच इमारतींआधी या प्रश्नांची उत्तरे तपासावीत. नवा माणूस दिवस मावळण्यापूर्वी मुक्कामी पोहोचला, तर ते शहर चांगले चालले आहे असे खुशाल समजावे.