पत आणि जात



भांडवल हा शब्द वऱ्हाडास नवा नाही. अकोल्याच्या बाजारात गाडी आली की खरेदीदार मूठभर कापूस हाती घेतो, धागा ओढून पाहतो आणि भाव बोलतो. गाडी कोणाची, हे धाग्यास ठाऊक नसते. पण त्याच गाडीवाल्याच्या मुलाने उद्या नवा कारखाना काढण्यासाठी पैसे मागितले, तर प्रथम प्रश्न येतो, हा कोणाचा? कोणाच्या ओळखीने आला? मालाची पारख एका मापाने आणि माणसाची दुसऱ्या मापाने, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

हल्ली नव्या धाडसी उद्योगास स्टार्टअप म्हणतात. त्यात पैसा घालणाऱ्यांची रीत सावकाराहून निराळी आहे. ते शेत गहाण घेत नाहीत, व्याज मागत नाहीत; उद्योगाचा हिस्सा घेतात. बरेचसे उद्योग बुडतील, पण एखादा असा वर येईल की सारे भरून निघेल, असा त्यांचा हिशेब असतो. तारण नसल्याने सारी मदार माणसावरील विश्वासावर. विश्वास येतो ओळखीतून, आणि ओळख येते सोयरिकीतून, शेजारातून, शाळासोबत्यांतून. आपल्याकडे सोयरीक आणि शेजार अजून बहुतांशी जातीनेच आखलेले आहेत. म्हणून कोणी मनात दुष्टावा धरला नाही, तरी जात आपले काम मुकाट्याने करून जाते.

याचे दाखले शोधायला दूर जावे लागत नाही. अमेरिकेत आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परत आले. बडोद्याची नोकरी सोडून ते मुंबईस गेले आणि तेथे त्यांनी शेअरबाजारातील लोकांना सल्ला देणारी पेढी काढली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. ज्यांनी पुढे रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्यांचा सल्ला बाजाराला नकोसा झाला! यात नुकसान एकट्या बाबासाहेबांचे झाले काय? ज्या गिऱ्हाइकांनी तो सल्ला नाकारला, त्यांचेही झालेच.

कोणी म्हणेल, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. आता फक्त गुणवत्ता पाहतात. आपल्याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल अॅटवेल यांच्यासह ही गोष्ट तपासली. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठविले. फरक ठेवला तो फक्त नावात. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय नावाच्या अर्जाच्या मानाने दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोनतृतीयांशच होता. अमेरिकेत बॉस्टन आणि शिकागो येथे असाच प्रयोग झाला होता. तेथे गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. तेथे रंग आणि येथे आडनाव, पण रोग एकच. आणि भारतातील एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालकांची पाहणी २०१२ साली छापली गेली, तीत सुमारे ९३ टक्के संचालक उच्चवर्णीय आढळले. अनुसूचित जाती-जमातींचे अवघे साडेतीन टक्के. हे नोकरीचे आणि संचालकपदाचे आकडे आहेत. जेथे अर्जही नसतो, केवळ ओळखीवर काम चालते, तेथे काय होत असेल याचा अंदाज आपणच करावा.

मग कल्पना सरोज कशा पुढे आल्या, असे आपण विचाराल. अकोला जिल्ह्यातील दलित कुटुंबात जन्मलेल्या या बाई लहानपणीच लग्न होऊन मुंबईस गेल्या, शिवणकाम करू लागल्या. पुढे कर्जात बुडालेली कामानी ट्यूब्ज ही कंपनी त्यांनी हाती घेऊन उभी केली आणि २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण त्यांचे पहिले भांडवल सरकारी योजनेतले ५० हजारांचे कर्ज होते, हे विसरू नये. एक जण भिंत चढून गेला, म्हणजे भिंतीला दार होते असे सिद्ध होत नाही.

दार करण्याचे प्रयत्न चालू झाले आहेत. मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांची चेंबर स्थापिली. केंद्र सरकारने २०१५ साली अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी स्वतंत्र साहस-भांडवल निधी सुरू केला. हे आवश्यकच आहे. परंतु वेगळी पाणपोई घातली म्हणून गावची विहीर मोकळी झाली, असे समजू नये. खाजगी पैशाचा दरवाजा उघडला पाहिजे, आणि तो आपल्यासारख्या नागरिकांच्या हाती आहे.

येथे व्यापारी आहेत, डॉक्टर, वकील आहेत, सहकारी बँकांचे सभासद आहेत. त्यांना माझी विनंती चार गोष्टींची आहे. योजना प्रथम नाव झाकून वाचावी. निर्णय करणाऱ्यांत निरनिराळ्या समाजांची माणसे, स्त्रियाही, असाव्यात. वर्षाअखेरीस पैसा कोणाकोणाला दिला याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडावा. आणि नव्या उद्योजकाला पहिली मागणी द्यावी. कारण हाती मागणी असली की पत आपोआप वाढते.

अमरावतीत १९२७ च्या सुमारास अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला. डॉ. पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते. देवीचे दार सर्वांना मोकळे असावे, हे त्या वेळीही पुष्कळांना पटत नव्हते. आज ते बोलून दाखवावेही लागत नाही. लक्ष्मीच्या दाराबद्दलही एक दिवस तसेच वाटावे, आणि त्यासाठी आपल्यापैकी प्रत्येकाने या वर्षी निदान एका अनोळखी आडनावाच्या तरुणाची योजना शेवटपर्यंत ऐकून घ्यावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.