आधी उतरायला शिकवा

(लोणावळा येथे सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मागच्या भेटीत आपल्यापैकी काहींनी विचारले, वसतिगृहाच्या अंगणात हा खांब कशाला पुरला आहे? आज त्याचा हिशेब देतो.

हा मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवे रूप दिले. कुस्तीगिराच्या तयारीसाठी असलेला हा खांब आज स्वतंत्र खेळ झाला आहे. छत्तीसगडमधील अबुझमाडच्या मल्लखांब चमूने २०२३ मध्ये 'इंडियाज गॉट टॅलेंट' ही स्पर्धा जिंकली, तेव्हा आमची मुले म्हणाली, "आपणही करू."

पाड्यावरची आमची मुले झाडावर सरसर चढतात. त्यांना वेगळे काय शिकवायचे, असे मला वाटले. पाहुणे येणार म्हणून घाईघाईने मी खांबावर मनोरा बसवून घेतला. वरचा मुलगा छान चढला. उतरताना त्याचा हात सुटला आणि मनगट मोडले. चूक सर्वस्वी माझी होती. त्याच्या आईसमोर उभे राहताना माझी मान वर होत नव्हती.

मग एका अनुभवी वस्तादांना बोलावले. त्यांनी पहिले काही दिवस कोणाला वर चढूच दिले नाही. आधी अंग मोकळे करायचे. मग दोराला लोंबकळून पकड आणि खांदे घट्ट करायचे. त्यानंतर अढी, म्हणजे पायांच्या विळख्याने खांब धरणे. ती एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. नाहीतर एकच बाजू बळकट होते आणि तोल जातो. अढी पक्की झाली की हात मोकळे होतात, आणि हात, पाय, नजर व श्वास यांचा मेळ बसू लागतो. अंग खरचटू नये म्हणून खांबाला एरंडेल तेल. खाली गादी, शेजारी वस्ताद. कंबरेइतक्या उंचीवरून नीट उतरता आले, तरच आणखी वर. दमलेल्या मुलाला त्या दिवशी सुट्टी.

मनगट मोडलेला तो मुलगा डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर परत आला. आता तो लहानांना उतरायला शिकवतो. पूर्वी वर्गात तोंड न उघडणारा हा मुलगा मोठ्याने मोजतो, "एक, दोन, तीन, सोड!"

वीटभट्टीच्या हंगामात आईबाप निघाले की काही मुलेही त्यांच्याबरोबर जातात आणि सराव तुटतो. परतल्यावर त्यांना पुन्हा पहिल्या पायरीपासून घ्यावे लागते. त्यालाही आम्ही तयार आहोत.

म्हणून आपणास एक विनंती. भेटीला आलात तर मुलांकडून मनोरा मागू नका. त्यांचा रोजचा सराव पाहा. चषकाऐवजी एक जाड गादी, वस्तादांचे गाडीभाडे, सरावानंतरचे शेंगदाणे-गूळ आणि अंडी यांचा भार उचला. वर चढण्याची हिंमत मुलांकडे आहेच. त्यांना सुखरूप खाली आणणे ही आपली जबाबदारी आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.