केळ्याचा पिवळा रंग

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो होतो. आज रंगाबद्दल बोलायचं आहे. खेळण्याला, पणतीला, दाराला, पाळण्याला जो रंग आपण लावतो, त्याबद्दल. विषय थोडा शास्त्राचा आहे आणि माझं शिक्षण म्हणाल तर मराठी घेऊन बीए. त्यामुळे जे आमच्या गटाच्या अंगावर आलं आणि त्यातून जे कळलं, तेवढंच सांगते.

आमचा गट सावंतवाडीजवळचा. सावंतवाडीची लाकडी फळं तुम्ही पाहिली असतील. केळं, आंबा, चिकू, टोमॅटो, हिरवी मिरची. टोपलीत मांडली की खरी वाटतात. आमच्या गटात चौदा बायका, त्यातल्या नऊ रंगकाम करतात. लाकूड सुतार तासून देतो, घासणं आणि रंगवणं आमच्याकडे. काम घरीच चालतं. पडवीत रंगाचे डबे, शेजारी पोरं खेळतायत, मधूनच कुणी भाकरी थापायला उठतं. हे चित्र तुमच्याही घरचं असेल.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी पुण्याच्या एका दुकानवाल्या ताईंची मोठी ऑर्डर आली. त्या लहान मुलांची खेळणी विकतात. त्यांनी विचारलं, रंगात शिसं किती आहे? मी म्हटलं, शिसं कशाला असेल, चांगला ऑइलपेंट आहे. त्या म्हणाल्या, डब्याचा फोटो पाठवा. मी चारही बाजूंनी फोटो काढून पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, 'यावर ९० पीपीएमची ओळ कुठे आहे?' ती ओळ नव्हतीच. उलट खाली बारीक अक्षरात छापलं होतं की हा रंग फक्त औद्योगिक वापरासाठी आहे. तो डबा मीच आणला होता. तालुक्याच्या दुकानात स्वस्त मिळाला, एका हातात झाकतो, चमक छान येते, म्हणून सगळ्यांना तोच घ्या म्हणून मीच सांगितलं होतं.

आता हे ९० पीपीएम काय ते सांगते. एक किलो रंगात जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम शिसं, असा त्याचा अर्थ. आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी हा नियम १ नोव्हेंबर २०१६ ला निघाला आणि वर्षभराने लागू झाला. पण नियम आहे तो घरगुती रंगांना. कारखान्यातल्या यंत्रांना, लोखंडी सांगाड्यांना लावायच्या औद्योगिक रंगांना तो लागू नाही. आणि दुकानात दोन्ही डबे एकाच फळीवर असतात. गिऱ्हाइकाने विचारलं नाही तर दुकानदार सांगत नाही.

रंगात शिसं मुळात घालतात कशाला? शेंदूर आपल्याला माहीत आहे. मारुतीला लावतो तो. खरा शेंदूर म्हणजे शिशाचंच एक रूप. तसंच शिशापासून एक झळझळीत पिवळा रंग होतो, लेड क्रोमेट नावाचा. स्वस्त असतो, उन्हात उडत नाही, एका हातात लाकूड झाकतो. त्यात निळा मिसळला की हिरवा. म्हणजे केळं पिवळं, मिरची हिरवी, दोन्हीत तोच. शिवाय तेलाचा रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाची द्रव्यं घालत असत. यातल्या कशालाच वास नाही. म्हणून 'वास कमी येतो, म्हणजे रंग चांगला' हे चूक. वास थिनरचा असतो, शिशाचा नव्हे. डब्यावर 'नैसर्गिक' लिहिलंय म्हणूनही हुरळून जाऊ नका. शेंदूरही खनिजच आहे.

आम्ही तीन फळं तपासायला पाठवायची ठरवली. प्रयोगशाळा कुठे शोधायची? एनएबीएल म्हणून सरकारमान्य संस्था आहे, ती प्रयोगशाळांना मान्यता देते. तिच्या वेबसाइटवर कोणती प्रयोगशाळा कोणती तपासणी करते हे शोधता येतं. माझ्या भाचीने अर्ध्या तासात मोबाइलवर शोधून दिलं. केळं, टोमॅटो, चिकू असं कुरिअर केलं. तिथल्या ताईंनी व्हिडिओ कॉलवर यंत्रही दाखवलं. हातात धरायच्या ड्रिल मशीनसारखं दिसतं. त्यातून क्ष-किरण वस्तूवर पडतात, प्रत्येक धातू आपापल्या परीने उलट किरण सोडतो, ते मोजून यंत्र पडद्यावर आकडा दाखवतं. खरवडायला नको, फोडायला नको. पक्का अहवाल नंतर रंग खरवडून, आम्लात विरघळवून करतात, पण अंदाज तिथेच मिनिटभरात येतो. चिकू पास झाला. तो तपकिरी रंग गेरूच्या जातीचा, म्हणजे लोखंडाचा. टोमॅटो नापास. केळ्याचा आकडा बघून मी फोन खाली ठेवला. चार आकडी होता.

त्या रात्रीची बैठक मला आठवते. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकी म्हणाल्या, "अगो, इतकी वर्षां आमी ह्योच रंग लावतंव, कोणाक काय झाला?" त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे शब्द नव्हते, कारण शिशाने लगेच काही होत नाही. मूल काळंनिळं पडत नाही. शिसं हळूहळू साठतं. मेंदूची वाढ, शिकणं, लक्ष लागणं यावर परिणाम होतो, रक्त कमी होतं, पोटात दुखतं. आपण म्हणतो पोर द्वाड आहे, अभ्यासात मागे आहे. सुरक्षित म्हणता येईल असं शिशाचं प्रमाणच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० च्या युनिसेफच्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांपैकी साधारण एकाच्या रक्तात शिसं जास्त असल्याचं म्हटलं होतं. त्याला एकटा रंग कारण नाही, जुन्या बॅटऱ्या फोडणं वगैरेही आहे. पण खेळणं तोंडात घालणारं मूल तर आपल्या रंगाचंच आहे ना? आणि घासताना उडणारी धूळ आपल्या पडवीतच बसते.

तयार माल सव्वीस हजारांचा होता. वाद झाला. एकीने विचारलं, पुण्याच्या ताई नाही घेत तर जत्रेत विकू, तिथे कोण विचारतंय? तिच्या घरी हप्ता थकला होता, म्हणून मला तिचा राग आला नाही. मग काकीच म्हणाल्या, माझ्या नातवाला हे केळं मी देईन का? देणार नाही. झालं. माल थांबला. तो चुलीत घालायचा नाही हेही तेव्हा कळलं, कारण जाळलं तर शिसं धुरात आणि राखेत येतं. फळं अजून माझ्या माळ्यावर प्लॅस्टिकच्या पोत्यात बांधून ठेवली आहेत. त्यांचं काय करायचं हा प्रश्न सुटलेला नाही.

मग नवा रंग शोधणं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी लाखेची असतात. फिरत्या लेथवर लाखेची कांडी दाबली की घर्षणाने लाख वितळून लाकडावर बसते. छान असतं ते, पण गोल कातलेल्या वस्तूवरच होतं. वाकड्या केळ्याला ब्रशच लागतो. शेवटी ९० पीपीएमची ओळ असलेला पाण्यातला रंग घेतला. पहिल्या केळ्याला लावला तर लाकूड खालून दिसायला लागलं. बिनशिशाचा पिवळा तितका झाकत नाही. उपाय सोपा निघाला. आधी पांढऱ्याचा एक हात, तो वाळला की बारीक पॉलिश पेपर, मग पिवळ्याचे दोन. पावसाळ्यात प्रत्येक हाताला अख्खा दिवस जातो. खर्च वाढला, वेळ दुप्पट झाला. पण बायकांच्या डोकेदुखीच्या तक्रारी कमी झाल्या, कारण थिनर गेला.

रंग जुळवायला मोबाइल नाही, दुकानातलं यंत्र उपयोगी पडलं. मोठ्या रंगाच्या दुकानात संगणकावर रंग मिसळून देतात, बघितलं असेल. तिथे जुनं केळं यंत्राखाली धरलं, त्याने रंग वाचला आणि पाण्याच्या रंगात कुठली छटा किती थेंब घालायची याची कृती छापून दिली. ती आम्ही जपून ठेवली आहे. पुढच्या वेळी नेमकी तीच छटा मिळते.

आता प्रत्येक डब्याचा फोटो, बॅच नंबर, तारीख आणि कुणी कोणती फळं रंगवली हे गटाच्या व्हॉट्सॅपवर जातं, आणि महिन्याला वहीत उतरतं. कधी तक्रार आली तर कुठला डबा ते सांगता येईल.

बाजारातून खेळणं घेताना तुम्हालाही एक करता येईल. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. शिक्क्याखाली सीएम/एल पासून सुरू होणारा नंबर असतो. 'बीआयएस केअर' हे ॲप मोबाइलमध्ये घ्या, नंबर टाका, परवाना कुणाचा, कशाचा, चालू आहे की नाही ते दिसतं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदवलेल्या कारागिरांना या सक्तीतून सूट आहे. म्हणजे आमच्यासारख्यांची खेळणी तपासायला कुणी येत नाही. म्हणूनच ती आम्ही स्वतः तपासून घेतो, वर्षातून एकदा. पैसे गटाच्या खात्यातून जातात.

ज्या मैत्रिणी रंगकाम करतात त्यांच्यासाठी चार गोष्टी. जुना रंग कोरडा घासू नका, ओला करून घासा आणि फडक्याने पुसा, झाडू नका. त्या जागी जेवू नका, चहाही नको. कामाची साडी मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. आणि दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या फेकू नका, कारण अंगात लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं. मुलाला सारखी पोटदुखी, फिकटपणा असेल आणि घरात हे काम चालत असेल, तर डॉक्टरांना तसं सांगा. रक्तातलं शिसं मोजता येतं.

पुण्याच्या ताईंनी यंदा पुन्हा ऑर्डर दिली आहे. मिरची झकास झाली. केळं मात्र अजून थोडं फिकट दिसतं, पिकायला एक दिवस बाकी असल्यासारखं. काकी म्हणतात, असूं दे, पोरां कच्चीच खातत. तुमच्या गटात कुणी पाण्याच्या पिवळ्या रंगावर काम करत असेल, तर केंद्रावर फोन करून सांगा, मी तुमच्याशी बोलेन.