काठ-पदराचं दुसरं आयुष्य

बोहारणीकडे गेलेली इरकल साडी टाकाऊ नसते. बसून-उठून ती मधल्या अंगात विरते. काठ आणि पदर बहुधा शाबूत राहतात. त्या काठ-पदराचं जाकीट शिवावं, उरलेल्या चिंध्या लाकडी मण्यांवर गुंडाळाव्यात आणि ठुशीला असतो तसा सरकता गोंडा लावून गळ्यातलं करावं. शिलाई तयार कुर्त्याहून महाग पडते, हा आक्षेप खरा आहे. पण अंगाचे ताणे पदराच्या ताण्यांत एकेक अडकवून केलेली इरकलीची ती विणकराची जोडणी त्या कुर्त्यात कुठून येणार? वापरलेल्या कापडाची किळस वाटते? साबणाच्या पाण्यात धुऊन सुती भाग कडक उन्हात वाळवा. रेशमी पदर मात्र सावलीत. कात्री लावण्यापूर्वी घड्या उजेडासमोर धरून पाहा. रेशीम आधी तिथेच चिरतं.