मंत्रांशिवायचा निरोप, मंत्रांशिवायचं लग्न



आयुष्यभर देव न मानलेलं माणूस घरातून जातं, तेव्हा दुःखाच्या जोडीला एक पेचही उभा राहतो. मुलगा म्हणतो, बाबांना विधी चालले नसते. आत्या म्हणते, अरे, निदान चार मंत्र तरी म्हणू द्या. दोघांचंही म्हणणं मायेपोटीच असतं. शेवटी एकाचा शब्द राहतो आणि दुसऱ्याच्या मनात सल राहतो.

ब्रिटनमध्ये अशा प्रसंगासाठी खास शिकून तयार झालेली माणसं आहेत. त्यांना ह्यूमनिस्ट, म्हणजे मानवतावादी, सेलिब्रंट म्हणतात. अंत्यविधी असेल तर हा सेलिब्रंट आधी घरच्यांबरोबर बसतो. गेलेला माणूस कशावर हसायचा, कशावरून चिडायचा, बागेत काय लावायचा, हे सगळं विचारून घेतो. त्यातून मजकूर लिहितो आणि घरच्यांना दाखवून पक्का करतो. समारंभात परलोकाची भाषा नसते. पण मध्ये थोडा वेळ शांतता ठेवायची पद्धत आहे. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी या वेळात मनातल्या मनात प्रार्थना करावी, असं आधी सांगितलं जातं. मला या साऱ्या पद्धतीत सर्वांत मोलाची वाटते ती ही जागा. श्रद्धावान आत्या परकी ठरत नाही, आणि जो आता उत्तर देऊ शकत नाही त्याच्यावर न मानलेली श्रद्धाही कुणी लादत नाही.

लग्नंही अशीच लागतात. स्कॉटलंडमध्ये २००५पासून अशा लग्नाला कायद्याची मान्यता आहे. पहिलं लग्न लागलं ते एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयात! आता त्या देशात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या लग्नांपेक्षा ह्यूमनिस्ट पद्धतीची लग्नं जास्त होतात. पुष्कळ जोडपी हँडफास्टिंगची जुनी चाल त्यात घेतात. वधूवरांच्या गुंफलेल्या हातांवर कापडाच्या पट्ट्या टाकायच्या. कुणी आईच्या स्कार्फची पट्टी आणतं, कुणी घराण्याच्या टार्टन कापडाची. मग दोघांनी टोकं धरून हात सोडवून घेतले, की मधे गाठ बसते. चाल जुनी, पण ती कुठल्याही धर्माच्या पाहुण्याला पुढे येऊन पट्टी टाकू देते.

शेजारच्या इंग्लंडमधल्या जोडप्यांना मात्र वर्षानुवर्षं मनासारखा सोहळा एकीकडे आणि कायद्याचं लग्न दुसरीकडे, असं करावं लागलं. २०२०मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने हा भेदभाव असल्याचं मान्य केलं, तरी लगेच बदलाचा आदेश दिला नाही.

आपल्याकडे परिस्थिती नेमकी उलटी आहे. १९५४च्या विशेष विवाह कायद्याचं बारावं कलम जरूर वाचा. लग्न कुठल्याही पद्धतीने लावा, असं ते सांगतं. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी आपल्याला समजणाऱ्या भाषेत एकमेकांचा स्वीकार केला पाहिजे, एवढी त्यात अट आहे. जादा शुल्क भरून अधिकाऱ्याला कार्यालयाबाहेरही बोलावता येतं. कायद्याने एवढं अंगण मोकळं ठेवलंय, आणि आपण मात्र सह्या करून, हार घालून, फोटो काढून बाहेर पडतो. आंतरधर्मीय लग्न असेल तर दोन धर्मांची घरं जवळ यायची ती वेळ, पण तिथे कुणी कुणाशी धड बोलतही नाही.

खरं तर ही वाट महाराष्ट्राने फार आधी पाहिली आहे. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाने पुण्यात भटजीविना पहिलं लग्न लावलं. जोतीराव फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतः बोलतात, मराठीत बोलतात, आणि वधू स्त्रियांच्या हक्कांची शपथ वराकडून मागून घेते. तशी लग्नं आजही लागतात.

उणीव आहे ती दोन्ही घरी जाऊन बसणाऱ्या, ऐकून घेणाऱ्या, नेमकं लिहिणाऱ्या माणसांची. चार लोकांत नीट बोलण्याची सवय असलेले निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, नाट्यकर्मी आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांनी हे काम शिकून घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लग्नाची नोंदणी विवाह अधिकारी करतीलच. आणि स्मशानात चार शब्द बोलायला तर कुणाच्या परवान्याचीही गरज नाही.